दाव्यासकट

६ नोव्हेंबर २०२४, परतवाडा

आज बिऱ्हाड हलवलं आणि जिवाला बरं वाटलं. अमरावतीहून एसटीने निघालो. खिडकीशी आचल, शेजारी मी आणि पायांशी पुस्तकांची चार खोकी. कंडक्टरने खोक्यांचं वेगळं तिकीट मागितलं. मी म्हटलं, यात माणसंच आहेत, फक्त जेवायला मागत नाहीत. तो हसला आणि दोनच खोक्यांचं तिकीट फाडलं.

ज्या महाविद्यालयात अकरा वर्षं तासिकेवर मराठी शिकवलं, त्याच्याच व्यासपीठावरून मी संस्थाचालकांना विचारलं होतं की शिकवणाऱ्याला रोजमजुरीवर राबवून तुम्ही कोणत्या हातांनी महापुरुषांच्या तसबिरींना हार घालता. टाळ्या खूप पडल्या. जूनपासून तासिका मिळाल्या नाहीत. मला पश्चात्ताप नाही. बोलायचं ते बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

घर केशरबाईंचं. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, बोलणं तोंडावर. त्यांचे यजमान नत्थुजी इथल्या बैलबाजारात चाळीस वर्षं दलाल होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ओसरीच्या भिंतीला खुंट्यांची रांग आहे आणि प्रत्येक खुंटीवर एकेक दावं, काही सुताची, काही अंबाडीची, जनावरांच्या मानेला घासून गुळगुळीत झालेली. आचलने मोजली, एकतीस भरली. घरचे जे बैल विकले त्यांची ही दावी. बैल जातो, दावं घरी राहतं. का, म्हणून विचारलं तर केशरबाईंनी मलाच उलट विचारलं, "कॉलेजात हे नाई शिकवत काय, मास्तरीणबाई?"

दारात एक तांबडा कुत्रा आहे. परक्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नाही. आम्हाला त्याने अर्धा तास उभं केलं. मग आचलने त्याच्याशी काय गुजगोष्टी केल्या कोण जाणे, आता तो तिच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला आहे.

दोन खोल्या, मागे मोरी, भाडं अमरावतीच्या निम्मं. निळ्या पुठ्ठ्याची ही वही आचलने निवडून दिली. नऊ वर्षांची पोर, पण आईला काय लागतं ते तिला कळतं.

१० नोव्हेंबर

चौकात नगमाचं ऑनलाइन सेंटर आहे. शेजारी तिचे वडील नासिरभाई सायकली दुरुस्त करतात. मी पाच वर्षं "आरपार" नावाचा ब्लॉग लिहिते, वाचक दोनशे. तो पैसे देईल का, हे विचारायला गेले. नगमाने रीत समजावली: लोक वाचायला आले की पानावर जाहिराती दिसतात, जितके डोळे तितका मोबदला. मग तिने माझे लेख वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, तुमी लोकायले रागावता. रागावून घ्यायले कोण पैसे खर्चून नेट भरते?" आपलं स्वतःचं लिहा, घरचं, जीव लावून, असा तिचा सल्ला.

पहिल्यांदा रागच आला. घरी येईपर्यंत तो माझ्यावरच उलटला. आयुष्यभर मी व्यासपीठावरून सांगत आले की झाकून ठेवलेलं सत्य कुजतं. मग माझं घर मी का झाकावं? लिहायचं तर सगळं लिहायचं. एक तपशील हातचा राखला तरी तो वाचकाशी केलेला अप्रामाणिकपणा. आज रात्रीच्या जेवणाआधी ब्लॉगच्या माथ्यावर वाक्य टाकलं: येथे काहीही लपवलेलं नाही.

१८ नोव्हेंबर

पहिला लेख आईवर लिहिला. माझी आई आशाबाई अकोल्याला जुन्या शहरात राहते. मी नऊ वर्षांची असताना मोर्णेच्या पुलावरून चालत तिने मला वक्तृत्व स्पर्धेला नेलं होतं. तिचं एकुलतं धड लुगडं वाळलं नव्हतं, ती ओलंच नेसली. सभागृहात तिच्या पायांशी पाण्याचं थारोळं साचलं आणि शिपाई पुसायला आला. माझं नाव पुकारलं तेव्हा तिने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की काकणं फुटली. लुगड्याचा रंग, शिपायाचे शब्द, काकणाची जखम, सगळं लिहिलं.

सत्तेचाळीस हजार लोकांनी वाचलं. नगमाने मला बसवून चहा पाजला. नांदगाव खंडेश्वरच्या कुणी पुष्पलताबाईंनी लिहिलं की हा लेख त्यांनी वहीत हाताने उतरवून काढला, आणि यापुढचाही प्रत्येक उतरवतील. लेखणीला याहून मोठा सन्मान कोणता?

२२ नोव्हेंबर

आचलवर लिहिलं. झोपताना माझा अंगठा धरते. मिक्सर लावला की कानांवर हात घेते. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे दोरे सोलून ते आधी खाते, फोड मागून. तिच्या जन्माच्या कळासुद्धा लिहिल्या. का कोण जाणे, वाचक जेमतेम दोनशे बारा. आचल हिरमुसली. आजी माझ्यापेक्षा फेमस आहे, म्हणाली.

२८ नोव्हेंबर

केशरबाईंनी बैलबाजार दाखवला. भाव कुणी तोंडाने बोलत नाही. दोघे रुमालाखाली हात घालतात, बोटं धरतात, दाबतात, सोडतात, चेहऱ्यावर काही नाही. मला ही लपवाछपवी खुपली. केशरबाई म्हणाल्या, दहा जणायनं आयकलं तं तो बैल दहा जणायचा होते.

सौदा ठरला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा आपलं नवं बांधतो. त्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं टिपून ठेवते.

एकदा लग्नघाईत नत्थुजींनी एक बैल दाव्यासकट देऊन टाकला. घेणारा खुशालराव नावाचा शेतकरी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. कुत्रं भुंकलं नाही. त्याने नत्थुजींच्या खुंटीला टोपी अडकवली, पाय धुतले आणि नत्थुजींच्या पाटावर बसला. केशरबाईंनी ताट वाढलं. वाढताना त्यांना काहीही वावगं वाटलं नाही. तेवढ्यात नत्थुजी दारात आले, आणि केशरबाईंनी त्यांना विचारलं, "कोनाकडे आले, पाव्हणं?"

हे सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, तीस वर्षं झाली, अजून लाज वाटते. नत्थुजी तसेच उलटपावली खुशालरावच्या गावाला गेले आणि बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून घेऊन आले. ते उंबऱ्यावर दिसताच खुशालराव पाटावरून उठला, ओशाळून टोपी उचलून निघून गेला. "जनावर इका, पण दावं आपल्या हाती ठेवा. दावं गेलं तं घर मांगं मांगं जाते."

अंधश्रद्धेविरुद्ध मी चाळीस गावांत बोलले आहे. या कथेचा लेख केला आणि शेवटी चांगलीच हजेरी घेतली. केशरबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुमी सगळंच देऊन राहिल्या.

५ डिसेंबर

श्यामवर लिहिलं. चार वर्षांपूर्वी आजारात माझा नवरा गेला, त्याचे शेवटचे पंधरा दिवस. घरी येताना दाराऐवजी खिडकीच्या गजांवर तीनदा वाजवायचा, तेही. दोन लाखांवर वाचक झाले. पहिला मोबदला बँकेत आला. आचलला अभ्यासाचं टेबल घेतलं, शाळेची फी भरली. तासिकेच्या पगारासाठी मी दिवाळीपर्यंत हात पसरायची, इथे कुणापुढे वाकावं लागलं नाही. स्वाभिमानाची भाकरी म्हणतात ती हीच.

लिहून उठले तेव्हा छाती हलकी वाटली. जरा जास्तच हलकी.

१४ डिसेंबर

आईला फोन केला. लेखाची बातमी तिच्या गल्लीत पोहोचली असेल, कौतुक करेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कोणती स्पर्धा वो? तू तं चारचौघात तोंड उघडायले लाजे." मी पूल सांगितला, लुगडं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, कोनाचं तरी वाचलं असशील बाई तू, लय वाचते.

वय झालं, असं स्वतःला बजावलं. मग डोळे मिटून ते सभागृह आठवून पाहिलं. माझी वाक्यं आठवली, स्वल्पविरामांसकट. सभागृह आठवलं नाही. ओल्या सुताचा वास आठवला नाही.

पेटी उघडून स्पर्धेचं प्रमाणपत्र काढलं. कागद तोच, कोपरा उंदराने कुरतडलेला, शाई तीच जांभळी. प्रथम क्रमांकापुढे नाव आहे: कुमारी पुष्पलता.

तीन वेळा वाचलं. आचललाही वाचायला लावलं. तिनेही तेच वाचलं.

२१ डिसेंबर

अमरावतीला व्याख्यान होतं, सभागृह भरलेलं. मी नेहमी आईच्या गोष्टीने सुरुवात करते. म्हटलं, आज मुद्दाम तिथूनच करायची. "माझी आई ओलं लुगडं नेसून" इथवर आले आणि पुढचं सुचेना. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

समोरून एका बाईने वाक्य पुरं केलं. मग तिच्या शेजारणीने पुढचं. मग सगळ्यांनी, शाळेत प्रार्थना म्हणतात तसं एका लयीत: थारोळं, शिपाई, टाळ्या, काकणं. कुणी हसत नव्हतं. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या आईकडे बघत होता.

मी माइक खाली ठेवला. एसटीत बसून खिडकीबाहेर कपाशी बघत होते. तिवस्याच्या काकू, अकोल्याचा मामा, एकेक माणूस आठवून पाहिलं. ज्यांच्यावर लिहिलं नाही ते सगळे जागच्या जागी आहेत.

मग आचलवरचा लेख आठवला.

२२ डिसेंबर

सकाळी तिने भिंतीवरच्या श्यामच्या फोटोकडे बोट करून विचारलं, मम्मी, हे काका कोण?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मलाही थोडा वेळ लागला.

आचलवरचा लेख उघडला. दोनशे बाराचे आठ हजार झाले होते. काढून टाकला. सगळेच काढले, ब्लॉगच बंद केला. झालं. संपलं.

२४ डिसेंबर

संपलं नाही. नगमाने दाखवलं. परवा एका मोठ्या पानाने आचलचा लेख उचलला, माझं नाव काढून. तिथून व्हॉट्सअॅपवर, तिथून आणखी कुठे. एक लाख तीस हजार. तिने त्या पानाला लिहिलं, तक्रार केली. उत्तर नाही. म्हणाली, मॅडम, कागद असता तं फाडला असता, हे कसं फाडू?

नत्थुजींना एका बैलाच्या गळ्यातलं एक दावं सोडायचं होतं. माझं दावं लाखभर हातांत आहे.

दुपारी आचल परक्या घरी आल्यासारखी माझ्यापासून अंतर ठेवून बसली. अंगठा धरला नाही.

२६ डिसेंबर

केशरबाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. मी, जिने त्यांची चारचौघांत टर उडवली. त्या एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पोरीचं काई ठेवलं का मांगं? काईतरी नाई लिहिलं असं?"

मी लेख मनात वरून खाली वाचला. अंगठा दिला. मिक्सर दिला. संत्री दिली. जन्म दिला.

एक आहे. फार लहानपणचं, आमच्या दोघींतलं. इतकं छोटं की लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. केशरबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "मले नोको सांगू. कोनालेच नोको सांगू. लिवू बी नोको. थेच तुयं दावं."

पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. बरं वाटलं.

संध्याकाळी ते करून पाहिलं. आचल चटकन वळली, मम्मी म्हणाली, गळ्यात पडली. तासभर माझी होती.

२९ डिसेंबर

दाखला काढून पाहिला. आचलचा जन्मदाखला. आईचं नाव —

पोलिसात जाणार होते. काय दाखवू?

३० डिसेंबर

अकरा वाजता फाटक वाजलं. कुत्रा उठला, शेपूट हलवली. भुंकला नाही.

चष्म्याची, माझ्या वयाची बाई. हातात संत्र्यांची पिशवी. पुष्पलता. वाईट नाही ती — हे लिहायला हवं, वाईट नाही. म्हणाली, बसमधून इथेच का उतरले ठाऊक नाही, पायांना गल्ली माहीत होती. ओसरीवर बसली. संत्रं सोललं. फोडीवरचे दोरे काढून आधी ते आचलच्या तळहातावर ठेवले.

आचल तिच्या मांडीवर.

मी अंगातलं सगळं बळ एकवटून बोलले, तासभर बोलले असेन, कायदा, आईपण, सत्य. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण. ती रडली. म्हणाली, ताई, तुमी बोलता छान, पण कळा मी सोसल्या, मले आठवतात न. आणि सांगितल्या. माझ्याच शब्दांत. मला तेवढ्याही आठवत नाहीत.

आमच्या दोघींतलं ते करून पाहिलं. आचलने मान वळवली. उठली नाही.

३१ डिसेंबर

नगमाकडून परत आले. कुत्रा माझ्यावर भुंकला. फाटकातून आत येऊ देईना.

केशरबाई बाहेर आल्या. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोनाकडे आल्या, बाई?"

भाडेकरू आहे म्हटलं. असाल, म्हणाल्या, आणि फाटक उघडलं.

अंगणात आणखी दोघी होत्या. दुपारी चौघी. प्रत्येकीच्या हातात संत्री. भांडत नाहीत. आळीपाळीने वेणी घालतात. आचल सगळ्यांना मम्मी म्हणते.

मला काकू म्हणाली.

१ जानेवारी

फाटकाबाहेर गल्लीभर बायका. बसमधून उतरतच आहेत.

पुष्पलता दोनच्या बसने तिला नांदगावला नेणार. बाकीच्याही मागून जाणार. आचलने निळी रिबीन बांधली आहे. खूश आहे.

एक उरलंय माझ्याकडे. ते केलं तर अजूनही वळेल — वळेल असं वाटतं. पण अंगणात सगळ्यांसमोर करू कसं? चाळीस जणी बघतील. मग ते चाळीस जणींचं.

आयुष्यात कधी गप्प बसले नाही. आता बसायचं आहे.

पण सकाळी ते मला आठवायला वेळ लागला. भांडी घासून झाली तेव्हा कुठे आठवलं. दुपारपर्यंत राहील का —

लिहून ठेवायला हवं. नाहीतर जाईल. लिहिलं तर — ही वही काय, कुणी ना कुणी उघडेलच. तुम्ही उघडलीच आहे.

पावणेदोन. पिशव्या उचलताहेत. आचल चपला घालते आहे.

विसरायच्या आत. फक्त अर्धं. फक्त मला कळेल इतकंच —

तिच्या डाव्या कानामागे तोंड नेऊन मी हळूच